पिशवी काढली, मग दूध कुठनं येणार?

"पिशवीच काढली म्हणं. आता दूध कुठनं येणार बिचारीला?"

हे मी डोळे मिटून पडल्या पडल्या ऐकलंय. आयसीयूतनं रूममध्ये आणल्याचा पहिलाच दिवस, बघायला आलेल्या लांबच्या आत्या सासूबाईंशी हळू आवाजात बोलत होत्या, म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळू, कोल्हापुरात हळू बोलणं म्हणजे जिन्याखाली ऐकू जाऊ नये एवढंच. आणि खरं सांगतो (होय, आम्ही इकडच्या बायका सांगतो, करतो असंच बोलतो), मला राग नाही आला, भीती वाटली, कारण मलापण आतनं तेच वाटत होतं. बी.एस्सी. झालेली बाई मी, पण दुधाचा आणि गर्भपिशवीचा संबंध काय हे आयुष्यात कधी डोक्यातच आलं नव्हतं.

माझी ही दुसरी डिलिव्हरी. पहिलं सिझर झालेलं, आणि ह्या वेळी वार (प्लॅसेंटा) खाली सरकलेली आणि जुन्या टाक्याच्या जागी पिशवीत रुतून बसलेली, त्यामुळं ती सुटेना, रक्त थांबेना, शेवटी डॉक्टरांनी पिशवी काढून जीव वाचवला. सहा बाटल्या रक्त, दोन दिवस आयसीयू, आणि छत्तीस आठवड्यांचं बाळ दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत. नंतर डॉक्टर, सिस्टर आणि अंगावर पाजायला शिकवणाऱ्या एका मॅडमकडनं जे कळलं, आणि पुढं मी वाचत गेलो, ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

तर पहिली गोष्ट, दूध पिशवीत तयार होत नाही आणि दुधाचा हुकूमही पिशवी सोडत नाही. दूध तयार होतं छातीतल्या ग्रंथींमध्ये आणि त्यांचा मुकादम बसलाय डोक्यात, मेंदूच्या खाली लटकलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. तिथनं प्रोलॅक्टिन निघतं, ते दूध तयार करायला लावतं, आणि ऑक्सिटोसिन निघतं, ते तयार झालेलं दूध बाहेर ढकलतं. चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट पिवळं दूध, तर पाचव्या महिन्याच्या आसपासच तयार व्हायला लागलेला असतो. मग गरोदरपणात दूध वाहत का नाही? तर वारेतनं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन भरपूर सुटत असतं आणि ते ब्रेक दाबून धरतं. वार अंगातनं गेली की ब्रेक सुटतो, प्रोलॅक्टिन आधीच चढलेलं असतं, आणि साधारण दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. वार कशी गेली, आपोआप पडली, पोट उघडून काढली का पिशवीसकट गेली, हे छातीला माहीतच नसतं. ज्या बाईचं बाळ दुर्दैवानं जातं, तिलासुद्धा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं ते ह्याचमुळं. म्हणजे पहिलं दूध यायला बाळाचीही गरज नाही, फक्त वार जायला पाहिजे.

उलट वारेचा तुकडा आत राहिला तर मात्र दूध लांबू शकतं, कारण तो तुकडा ब्रेक थोडा दाबूनच ठेवतो. माझ्यासारख्या रुतलेल्या वारेच्या केसमध्ये कधीकधी डॉक्टर वार मुद्दाम आत सोडून देतात, ती हळूहळू विरते, अशा बायकांना दूध उशिरा येऊ शकतं. साध्या डिलिव्हरीनंतरसुद्धा दूधही येत नाही आणि रक्तस्राव किंवा ताप चालूच आहे असं असेल तर हा संशय डॉक्टरांच्या कानावर घालाच.

आता पिशवीचा काही संबंध नाही तर मोठ्या ऑपरेशननंतर दूध उशिरा का येतं? उशिरा येतं हे खरंय, सिझरमध्ये काही तास, कधी एखादा दिवस, माझ्यासारख्या रक्त गेलेल्या बाईत त्याहून जास्त. पण त्यात चाकूचा दोष कमी आणि चाकूच्या मागनं येणाऱ्या गोष्टींचा जास्त. रक्त गेलेलं असतं, दुखत असतं, सलाईन धो धो चढवलेलं असतं, भीतीनं काळजाचं पाणी झालेलं असतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाळ एकीकडं आणि आई एकीकडं.

हे शेवटचं मला कुठल्या पुस्तकानं नाही, आमच्या चुलत सासऱ्यांनी समजावलं. आबा कागलकडं गावी असतात, पाच म्हशी आहेत. ते काही माझ्याशी थेट ह्या विषयावर बोलणार नाहीत, दाराबाहेरनंच सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, बाळ लावा म्हणावं तिला. रेडकू लावल्याबिगर म्हस पान्हा सोडती व्हय?" सासूबाईंनी आत येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि पोटाच्या टाक्यांवर हात धरून मी हसलो, फार दुखलं, पण डोक्यात ते पक्कं बसलं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्या उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं आपलं गाव, आपल्याला हे कळायला काय अवघड आहे? म्हशीच्या कासेत दूध असतं पण ती चोरून धरते. मालक आधी रेडकू सोडतो, पुढ्यात आंबोण ठेवतो, दोन ढुश्या बसल्या की कास भरून येते, मग धार. अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, मार बसला की पान्हा गेला. हा पान्हा सोडायला लावतं तेच ऑक्सिटोसिन. बाईचंही तेच, बाळाचा स्पर्श, वास, रडणं ह्यानं ते सुटतं आणि दुखणं, थंडी, भीती, लाज ह्यानं अडतं. दूध नाही असं वाटणाऱ्या किती बायकांचं दूध आहे पण पान्हा फुटत नाही, एवढंच असतं.

आणि म्हस आटवायची असली की काय करतात? धार काढायची बंद करतात. दूध कासेत तसंच राहिलं की आतनंच निरोप जातो, मागणी नाही, काम कमी करा. बाईच्या छातीतपण तसंच, दुधात एक घटक असतो तो साचला की ग्रंथी सुस्त होतात. म्हणजे पहिलं दूध वार गेल्यावर आपोआप आलं तरी पुढं ते टिकणं हे मुख्यतः किती वेळा छाती रिकामी होते ह्यावर. म्हणून "छाती भरू दे, मग एकदम पाजू" हा सल्ला देणाऱ्यांना आबांकडं पाठवावं.

मला बाळ लावायला बाळच जवळ नव्हतं. आयसीयूत पहिल्या संध्याकाळी एक सिस्टर आल्या, हात गरम पाण्यानं धुतले, सुई काढलेली छोटी सिरिंज घेतली आणि मला म्हणाल्या, बघा कसं करायचं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागं, आधी छातीच्या दिशेनं आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं आणायची, सोडायचं, परत. ओढायचं नाही, घासायचं नाही. दहा मिनिटं काही नाही. मग एक पिवळा थेंब आला, मधासारखा घट्ट, तो त्यांनी सिरिंजनं टिपला. वीस मिनिटांत पाऊण मिली. मला रडू फुटलं, एवढ्यानं काय होणार? आमचे हे ती सिरिंज अंबाबाईचं तीर्थ न्यावं तशी दोन्ही हातांत धरून जिन्यानं वर गेले, लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही.

एवढ्यानं काय होणार ह्याचं उत्तर नंतर कळलं. पहिल्या 24 तासांत बाळ एका वेळी 2 ते 10 मिलीच पितं, दुसऱ्या दिवशी 5 ते 15, तिसऱ्या दिवशी 15 ते 30. आपला पोह्याचा छोटा चमचा 5 मिलीचा असतो बघा. चीक थोडाच असतो कारण थोडाच लागतो, आणि त्यात रोगाशी लढणारे घटक ठासून भरलेले असतात. पहिल्या दिवशी छाती मऊ असणं, दाबल्यावर चार थेंब येणं, म्हणजे दूध नाही असं नव्हे. पण आपल्याकडं पहिल्याच रात्री बाळ रडलं की कुणीतरी डबा आणायला मेडिकलकडं पळतं, नाहीतर मधाचं बोट. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातनं बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

बाळ पेटीत असेल तर ही हातानं काढायची सुरुवात पहिल्या काही तासांत व्हावी, जमलं तर पहिल्या सहा तासांत, आणि मग दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी, त्यात एक वेळ रात्रीची, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. दूध भरून आल्यावर पंप वापरला तरी चालतो पण चिकाला हातच बरा, घट्ट असतो, पंपाच्या नळीतच चिकटून बसतो. पंप करताना मी बाळाचं वापरलेलं झबलं नाकाशी धरायचो. आधी वेड्यासारखं वाटायचं, मग लक्षात आलं की झबलं असताना बाटलीत जास्त पडतंय. रेडकू नाही तर रेडकाचा वास. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस राहतं, पण आपल्या उन्हाळ्यात लाईट गेली की फ्रीजवर भरवसा ठेवू नका.

ज्यांचं बाळ जवळ आहे त्यांचं सोपं आहे असं मी म्हणणार नाही, पोट कापलेलं असताना बाळ पोटावर घेऊन बसणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. पण मणक्यात भूल दिली असेल तर बाई जागीच असते, टाके घालणं चालू असताना बाळ छातीवर ठेवता येतं, आणि पूर्ण भूल दिली असेल तर शुद्ध येऊन बाळ धरता आलं की लगेच. भूल पूर्ण उतरेपर्यंत पाजू नका हा जुना नियम आता कुणी पाळू नये, जागतिक आरोग्य संघटनापण पहिल्या तासातच लावा म्हणते. आपल्याकडं काय होतं? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली, खासगी दवाखान्यांत तर 47.4 टक्के, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के.

धरायचं कसं, तर टाक्यांवर वजन येणार नाही असं. एक म्हणजे कुशीवर झोपून, पाठीला उशी, बाळ समोर कुशीवर, त्याचं पोट आपल्याकडं. दुसरं म्हणजे काखेत, आपण बाजारातनं कलिंगड काखेत मारून आणतो तसं, पाय आपल्या पाठीकडं, डोकं हातावर, खाली उशी. बाळानं नुसती बोंडी नाही, तोंड मोठं उघडून काळा भागही बराचसा तोंडात घ्यायला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली. सलाईन फार चढलं असेल तर पाय सुजतात तशी छातीपण सुजते, काळा भाग टणक होतो आणि बाळाला धरताच येत नाही, मग लोक म्हणतात बाळ ओढत नाही. पाजायच्या आधी बोंडीच्या भोवती बोटांच्या टोकांनी एक मिनिटभर हळू आत दाबून ठेवलं की सूज मागं सरकते आणि भाग मऊ होतो. एवढी साधी युक्ती, पण मला चौथ्या दिवशी कळली.

सलाईनचा आणखी एक घोळ आहे. आईला चढलेलं पाणी बाळाच्या अंगातही जातं, जन्मतः वजन थोडं फुगतं, मग ते शू होऊन जातं आणि काट्यावर वजन जास्त घटल्यासारखं दिसतं. तीन किलोचं बाळ पावणेतीन झालं म्हणजे साधारण 8 टक्के गेलं, ह्यात घाबरायचं नसतं, नीट बघायचं असतं, पाजणं तपासायचं असतं. 10 टक्क्यांच्या पुढं म्हणजे तीन किलोला 300 ग्रॅमच्या पुढं गेलं, बाळ सुस्त पडलं, कावीळ वाढली, साखर कमी निघाली, तर वरचं दूध लागतं आणि ते द्यायचंच. त्यात आईचा पराभव वगैरे काही नाही. फक्त ते वाटी-चमच्यानं किंवा आजीच्या कपाटातल्या चांदीच्या बोंडल्यानं द्या (आधी उकळून घ्या), आणि जेवढ्या वेळा वरचं दिलं तेवढ्या वेळा छाती रिकामी करा. नाहीतर बाळ वरचं पिऊन चार तास झोपतं, छाती चार तास भरलेली राहते, पुढच्या वेळी दूध कमी, म्हणून आणखी वरचं. म्हस आटवायची हीच पद्धत.

दूध पुरतंय का हे कसं कळणार? आमच्या ह्यांनी एका वहीत रेघा मारायला चालू केलं, शूची एक रेघ, शीचा एक गोल. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसानंतर रोज सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट होऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. जन्माचं वजन दहा ते चौदा दिवसांत परत. बाळ रडतं किती, छाती घट्ट लागते का, दाबल्यावर धार लांब उडते का, ह्याला काही अर्थ नाही.

गोळ्यांचं एक बोलतो, कारण दुखतंय तरी गोळी नको असं म्हणत मी दीड दिवस दात आवळून काढला, दुधातनं बाळाला जाईल म्हणून. चूक केली. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ह्या पाजत असताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, सिझरनंतर दिल्या जाणाऱ्या बहुतेक अँटिबायोटिक चालतात, रक्त चढलं म्हणून पाजायचं थांबत नाही, टाक्यात पू झाला तरी थांबत नाही. उलट दुखणं दाबून ठेवलं तर पान्हाच चोरला जातो. काळजी घ्यायची ती कोडीन, ट्रॅमाडॉल असल्या गोळ्यांची, त्यानं बाळाचा श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, ते दूध कमी करतं. दूध वाढवायला डोमपेरिडॉन देतात, ती मुळात उलटीची गोळी, प्रोलॅक्टिन वाढवते खरी, पण हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर धोक्याची, म्हणून शेजारणीला चालली ह्या हिशोबावर मेडिकलमधनं आणू नका.

खाण्याचं तर काय सांगू. अळीव, डिंक, मेथी, खारीक-खोबरं, शेपूची भाजी, बाळंतशेपा, आणि माहेरहून रोज डब्यातनं मटणाचं अळणी. त्यातल्या कशानं दूध वाढतं असा भक्कम पुरावा नाही, शतावरीचंही तसंच. पण रक्त गेलेल्या बाईला अळिवातलं लोह आणि अळणीतली ताकद नको असं कोण म्हणेल? पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात असं आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, म्हणजे खायला पाहिजेच. रक्त कमी असलं तर दूधही कमी पडू शकतं, तेव्हा लोहाच्या गोळ्या लाडवांच्या भरवशावर सोडू नका. फक्त "बाळंतिणीला पाणी कमी द्या" हे मात्र साफ चूक, तहान लागेल तेवढं प्यावं.

आणि एक गोष्ट जी मला डिस्चार्जच्या दिवशी सांगितली, खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होती. पाजून, काढून, सगळं करून पाचव्या-सहाव्या दिवशीही छातीत काहीच फरक नाही, थेंबही वाढत नाही, आणि डिलिव्हरीत रक्त खूप गेलेलं, तर गोष्ट वेगळी असू शकते. गरोदरपणात पिट्युटरी मोठी होते पण तिचा रक्तपुरवठा तेवढा वाढत नाही, म्हणून बीपी एकदम पडलं तर तिचा काही भाग मरू शकतो. 1937 मध्ये हॅरल्ड शीहान ह्या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टनं हे मांडलं म्हणून शीहान सिंड्रोम. मुकादमच गेला तर कामगार काय करणार? दूध न येणं ही त्याची पहिली खूण, मग कायमचा थकवा, थंडी वाजणं, बीपी कमी, ऑपरेशनला काढलेले खालचे केस परत न उगवणं, आणि पाळी न येणं. आता गंमत बघा, पिशवी काढलेल्या बाईला पाळी येणारच नाही, म्हणजे सगळ्यात ठळक खूणच गायब, आणि थकवा म्हटलं की लोक म्हणणार एवढं ऑपरेशन झालं, थकणारच की. म्हणून अशा बाईनं स्वतःहून विचारायचं, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, थायरॉईड बघूया का. थायरॉईडमध्ये नुसतं टीएसएच (पिट्युटरीचा थायरॉईडला हुकूम) नको, टी4 (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) पण, कारण ह्यात टीएसएच नॉर्मल दिसूनही टी4 कमी असू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर आयुष्यभराच्या गोळ्या लागतात आणि त्या न मिळाल्या तर जिवावर बेतू शकतं.

माझं सगळं नॉर्मल निघालं. दूध पाचव्या रात्री आलं, झोपेत गाऊन भिजला म्हणून जागा झालो तेव्हा कळलं. वहीत सातव्या दिवशी सात रेघा आहेत, सातवी जरा जाड मारलीय. पण पूर्ण कधीच पुरलं नाही, रात्री दहाची एक वाटी वरचं दूध शेवटपर्यंत चालूच राहिली, मी तिचं वाईट वाटून घ्यायचं दुसऱ्या महिन्यात सोडलं.

बारसं आम्ही दीड महिन्यानं केलं. त्या आत्या आल्या होत्या. मी आतल्या खोलीत बाळाला अंगावर घेऊन बसलो होतो, गिळल्याचा आवाज दारापर्यंत येत होता. त्यांनी पदर सावरत वाकून नीट बघितलं, कुंची सारखी केली आणि बाहेर जाऊन सासूबाईंना म्हणाल्या, हळू आवाजात, "पिशवी थोडी राहिली असणार बघा आत."